भाड्याचा तंबू आणि साडेतीनशेचा बुश

आमचं वर्कशॉप उद्यमनगरात. दिवसभर लेथवर पिन, शाफ्ट आणि बुश, म्हणजे दांड्यावर चढवायच्या धातूच्या छोट्या नळ्या. त्यामुळं कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिचा जोड बघायचा ही खोडच लागलीय. डिसेंबरात भाच्यानं रांगणा किल्ल्यावर तळ्याकाठी तंबूत राहायचा बेत काढला, तेव्हा माझ्याकडं सामान म्हणजे एक सतरंजी आणि एक बॅटरी. सगळं विकत घेण्याइतकी हौस नव्हती, म्हणून कोल्हापुरातल्याच एका दुकानातून भाड्यानं आणलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मला तिथं परत जायचंय. दोघांचा एक तंबू, दोन रक्सॅक, दोन स्लीपिंग बॅगा आणि दोन मॅट, शनिवार-रविवारचे ११०० रुपये. वर २००० डिपॉझिट.

आधी चांगलं सांगतो. रक्सॅक एक नंबर. पन्नास लिटरची, पाठीला जाळी, चेन कुठं अडत नाही. दुकानातला पोरगा नुसती हातात देऊन मोकळा होत होता. त्याला म्हटलं, आत वजन घाल, मग बघू. त्यानं दोन तंबू कोंबले आणि मी दुकानातच चार फेऱ्या मारल्या. कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, आणि तो आवळल्यावरच खांद्याचे पट्टे ओढायचे. मग ओझं कमरेवर उतरतं. भाच्यानं उलटं केलं आणि भटवाडीच्या पुढं तासाभरात खांदे चोळायला लागला. दोघांकडं अकरा-अकरा किलो, वर्कशॉपच्या काट्यावर तोललेलं. त्यात पाणी, भाकरी, खर्डा, गूळ-शेंगदाणे आणि त्यानं मला न सांगता घेतलेलं भडंग. भडंगाला वजन नाही, पण जागा खातं ती अर्ध्या बॅगेची.

गारगोटी, कडगाव, पाटगाव करत भटवाडीला गेलो. तिथून पुढं जंगलातली वाट. गव्याचं शेण दोन-तीन ठिकाणी दिसलं, ताजं. मुक्कामाचं वनखात्याला आणि गावात आधीच विचारून ठेवलं होतं, तुम्हीही विचारा. गडावर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. तळं बघितलं आणि भाचा म्हणाला, "मामा, इथंच. पाण्याला लागूनच लावू." मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू. गडावर आलेली बाकीची मंडळी शहाणी, ती सरळ रांगणाईच्या देवळात पथाऱ्या टाकायला गेली.

आता तंबू. पोल फायबरग्लासचे, तुकडे तुकडे, आत रबरी दोरी. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला लोखंडी टोपण, त्यात पुढचा तुकडा बसतो. दुसरा पोल वाकवला आणि कर्रर्र झालं. टोपणाच्या तोंडाशीच उभा चिरला, उसाच्या चिपाडासारखा. बॅटरीच्या उजेडात बघितलं तर चिरेत आधीची काळी माती बसलेली. म्हणजे चीर जुनी, मी फक्त शेवट केला. वरनं दोन कुसळं बोटात घुसली ती वेगळीच. चिकटपट्टी लावून उपटली. मोडलेल्या हाताला बांबूच्या पट्ट्या बांधतात तसा तंबूचा एक खुंटा पोलालगत लांबीनं धरून त्याच चिकटपट्टीनं गच्च गुंडाळला. खुंटेही दहाच्या जागी आठच दिलेले, त्यातला एक यात गेला. उरलेल्या दोऱ्या दगडांना बांधल्या. गडावर दगडांना काय तोटा.

स्वयंपाक गॅसच्या छोट्या शेगडीवर. लाकडं पेटवायची नाहीत हे घरातनंच ठरलं होतं. तळ्याचं पाणी फडक्यातून गाळलं, खळखळून उकळलं आणि त्यावर चहा केला. अंधार पडल्यावर तळ्यात चांदण्या अशा दिसत होत्या की भाच्यानं अर्धा तास मोबाइल काढला नाही. हे त्याच्या आईला सांगितलं तर तिला खरं वाटेना.

पहाटे तीनला कपाळावर थेंब. मग दुसरा. "मामा, तंबू गळतोय." बाहेर आलो तर आभाळ लख्ख. मग हे पाणी कुठलं? आमचंच. दोन माणसांचा रातभरचा श्वास, त्यात तळ्याकाठची दमट हवा, आणि थंडी वाजते म्हणून आम्ही वरच्या दोन्ही खिडक्या गच्च लावलेल्या. ती वाफ थंड कापडावर बसली आणि थेंब होऊन आमच्यावर टपकली. शिवाय थंड हवा उतरून सखल जागेत साचते, आणि आम्ही नेमकं तिथंच आडवे. खिडक्या उघडल्यावर तासाभरात टपकायचं थांबलं. तेव्हा कापडाला मी दोष देणार नाही. शिवणीवरची पट्टीही बघितली, कुठं सुटलेली नाही. पाण्यापासून शंभरेक पावलं मागं, जरा उंचावर लावला असता तर निम्मा त्रास वाचला असता.

स्लीपिंग बॅग देताना दुकानदार म्हणाला होता, "पाच डिग्रीची आहे." लेबल नीट वाचा. त्यावर दोन आकडे असतात. आमच्या बॅगेवर कम्फर्ट दहा आणि लिमिट पाच. पाचला सरावाचा गडी अंग मुडपून कशीबशी रात्र काढतो, आपल्यासारख्यानं दहाच धरायचा. पण खरा घात मॅटनं केला. सहा मिलिमीटरची, योगासनाला घालतात तसली. पाठीखाली बॅगेतला कापूस दबून सपाट होतो, मग जमिनीत आणि आपल्यात उरते ती मॅटच. वरनं ऊब, खालनं बर्फ. सकाळी माझी कंबर सरळ व्हायला दोन चहा लागले. देवळातली मंडळी मजेत, त्यांच्यात एकानं घरची गोधडी आणली होती. पुढच्या वेळी जाड फोमची मॅट स्वतःची घेणार, ती भाड्यानं आणण्यात अर्थ नाही.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आत वर्कशॉपला गेलो. पोलाला व्हर्नियर लावला, साडेआठ मिलिमीटर. ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून साठ मिलिमीटर लांबीचा बुश काढला, आतनं सैलसर, आणि कापडाच्या नळीत अडकू नये म्हणून दोन्ही तोंडांना चॅम्फर मारला, म्हणजे कडा तिरक्या छाटल्या. चिरेवर सरकवून चिकटवला. आता मोडला तर दुसरीकडं मोडेल, तिथं नाही.

दुकानदारानं पोल बघितला आणि पोल मोडल्याचे साडेतीनशे कापले. चिरेतली माती, खुंट्यांचा हिशेब, फोटो, सगळं दाखवलं. "काका, तुम्ही नेताना तपासून घ्यायला पाहिजे होतं." हे मात्र त्याचं खरं. तिथल्या तिथं तंबू उभा करून बघायला दहा मिनिटं लागली असती, आणि मी रक्सॅकच्या फेऱ्या मारत बसलो. वाद घालून दीडशे परत मिळाले.

निघताना त्यानं हाक मारली. बुश बोटात फिरवत होता. "असले अजून वीस-पंचवीस करून मिळतील का? माझे निम्मे पोल असेच चिरलेत."

दर सांगितलाय. त्यात दोनशे रुपये आधीच धरलेत.