मासे ताजे, पण ‘बाळंतिणीसाठी खास’ हा विभाग बदलायलाच हवा

मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहीमला आमच्याकडे आल्यापासून, म्हणजे गेले दोन महिने, घरपोच मासे देणाऱ्या मुंबईतील एका सेवेकडून मी दर आठवड्याला मासे मागवत आहे. ताजेपणाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. बांगड्यांचे कल्ले लालभडक असतात, आणि मांदेली इतक्या निगुतीने साफ केलेली येते की घरी फक्त धुऊन मीठ-हळद लावावी लागते.

तक्रार आहे ती त्यांच्या यादीतील ‘बाळंतिणीसाठी खास’ या विभागाबद्दल, कारण त्यात सर्वात वर मोरी आहे. दूध यावे म्हणून बाळंतिणीला मोरीचे कालवण देण्याची रीत आमच्या घरीही होती. माझ्या सासूबाईंनी मला ते मायेने खाऊ घातले होते. परंतु मोरी म्हणजे शार्कच. समुद्रातील सूक्ष्मजीव पाऱ्याचे मिथाइल मर्क्युरी या विषारी संयुगात रूपांतर करतात आणि लहान मासा मोठ्याच्या पोटात जाता जाता ते शिकारी माशांच्या अंगात साठत जाते. ते वारेतून गर्भाच्या मेंदूपर्यंत पोहोचते, थोडेफार दुधातही उतरते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या विषबाधेत, स्वतःला फारसा त्रास न जाणवलेल्या मातांच्या पोटीही मेंदूला गंभीर इजा झालेली बाळे जन्मली होती. तिथला पारा कारखान्याच्या सांडपाण्यातला होता आणि त्याचे प्रमाण अफाट होते, हे खरे; तरीही गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी शार्क टाळावा, असे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन आजही सांगते. त्यांच्या टाळायच्या माशांच्या यादीत किंग मॅकरेलही आहे, आणि आपली सुरमई त्याच्याच कुळातली.

मी फोन करून विचारले, तेव्हा पलीकडचा मुलगा आदबीने म्हणाला, “काकू, आमचा प्रत्येक मासा फॉर्मालिनसाठी तपासलेला असतो.” फॉर्मालिन मासा मेल्यावर, तो टिकावा म्हणून लावतात; पारा मात्र मासा जिवंत असतानाच त्याच्या मांसातील प्रथिनांना चिकटून बसतो. चिंच-कोकम घालून, कातडे काढून किंवा कितीही उकळून तो जात नाही.

मासे बंद करावेत, असे मला मुळीच वाटत नाही, कारण बाळाच्या मेंदूला लागणारे ओमेगा-३ माशांतूनच उत्तम मिळते. तारली, मांदेली, बांगडा हे लहान, अल्पायुषी मासे त्यासाठी पुरेसे आहेत आणि या सेवेकडे ते उत्कृष्ट मिळतात. त्या विभागात मोरीऐवजी तेच ठेवावेत, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. या आठवड्यापर्यंत मोरी जागची हललेली नाही, म्हणून पाचपैकी तीनच तारे.