दार एस सलाममधे दहा महिने : मोबाईलवरचं मराठी-स्वाहिली भाषांतर कितपत कामाला येतं

मिस्टरांच्या नोकरीमुळे दहा महिन्यांपूर्वी आम्ही टांझानियात दार एस सलामला आलो, उपांगा भागात राहतो. आल्या दिवसापासून मोबाईलमधलं फुकटचं भाषांतराचं अॅप मी रोज वापरतेय, बाजारात, बजाजीत (इथे रिक्षाला बजाजीच म्हणतात, आपल्या बजाजवरून), घरी कामाला येणाऱ्या ताईंशी बोलताना. तर आता नीट लिहू शकते.

दुसऱ्याच आठवड्यात कारियाकू बाजारात तांदूळ घ्यायला गेले. मराठीत "तांदूळ" टाईप केलं, उत्तर आलं "वाली". दुकानदाराला तेच दाखवलं तर त्याने समोरच्या खानावळीकडे बोट केलं, आणि त्याच्या मागे तर तांदळाची पोती रचलेली! घरी आल्यावर ताईंनी समजावलं की वाली म्हणजे शिजलेला भात, कोरडा तांदूळ तो म्चेले आणि शेतात उभा असतो तो म्पुंगा. आपल्यात शेतातलं आणि ताटातलं दोन्ही भातच, पण तांदूळ तरी वेगळा आहे ना, यांच्याकडे तिन्हीला तीन शब्द. मग अॅपचं गाडं कुठे अडलं? माझ्या मते मधे इंग्रजी घुसतं. इंग्रजीत तिन्हीला एकच शब्द, त्यामुळे आपला फरक तिथेच पुसला जातो आणि पुढे काय निघेल ते नशीब.

शहाळ्याचं पण तेच. मी चिपळूणची, माझ्यासाठी नारळ आणि शहाळं या दोन वस्तू आहेत, इथल्या लोकांसाठीही दोनच आहेत, नाझी म्हणजे नारळ आणि दाफू म्हणजे शहाळं, रस्त्यावर सायकलवर लादून विकायला येतात. अॅपला शहाळं विचारलं की नाझी. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण आपल्या आणि त्यांच्या दोन्ही भाषांत शब्द आहे, फक्त मधल्या वाटेवर हरवतो.

मान ठेवून बोलायचं असेल तर जास्त सांभाळा. "पाणी द्या" टाकलं तर "निपे माजी" येतं, ते इथे हुकूम सोडल्यासारखं वाटतं, लोक "नाओंबा माजी" म्हणतात, म्हणजे विनंती करते. शेजारच्या आजी गेल्या तेव्हा मी "वाईट वाटलं" टाकून आलेलं "सामाहानी" म्हणाले, ते माफ करा असं झालं. अशा वेळी "पोले साना" म्हणायचं असतं, त्यांच्या सुनेने हात धरून मला सांगितलं. आणि मोठ्यांना "शिकामो" म्हणायचं, ते उत्तरात "माराहाबा" म्हणतात, अॅप त्याला नुसतं नमस्कार दाखवतं पण हे आपल्या पाया पडण्याच्या जवळचं आहे, समवयस्काला म्हणत नाहीत.

वेळ तर अॅपवर अजिबात सोडू नका. नळ दुरुस्तीवाला फुंदी (इथे मिस्त्री, मेकॅनिक, शिंपी सगळे फुंदीच) म्हणाला "सा तातू", अॅपने तीन वाजता सांगितलं, मी सकाळी बाहेर गेले आणि तो नऊला येऊन दार वाजवून गेला. इथे घड्याळ सूर्याबरोबर चालतं, सकाळी सातला पहिला तास, म्हणून तिसरा म्हणजे नऊ. सहा मिळवा की झालं.

नातीही उलटी. दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ, मामा म्हणजे आई, बाबा मात्र बाबाच. ताईंना मी आता दादाच म्हणते, माझी मुलगी पहिले चार दिवस हसत होती आता तीही म्हणते.

चांगलं पण सांगते. सुट्या वस्तूंची नावं बहुतेक बरोबर येतात, कॅमेरा धरला की नोटीस, बिल, औषधाचा कागद वाचता येतो, भाषा डाऊनलोड करून ठेवली की नेट नसताना पण चालतं, आणि उच्चार ऐकता येतो हे फार मोलाचं कारण बाराबारा हा शब्द एका ठिकाणी जोर दिला तर रस्ता आणि दुसरीकडे दिला तर आपलं बरोबर! असे ओळखीचे शब्द भरपूर सापडतात, साबुनी, रांगी, गारी, हेसाबू, आणि पगाराला म्शाहारा, आपला मुशाहिरा. एकदा युगांडात कंपालाला गेलो तेव्हा अॅपवर तिथली लुगांडा भाषा वापरून पाहिली, धन्यवादाला "वेबाले" बरोबर आलं पण पुढे सेबो किंवा न्याबो लावायचं असतं, म्हणजे साहेब किंवा बाई, ते टॅक्सीवाल्याकडून कळलं.

आता मी असं करते, अॅपवर शब्द काढते, वहीत लिहिते आणि संध्याकाळी दादाला दाखवते, ती लाल पेनाने खोडून योग्य तो लिहिते. मागच्या आठवड्यात फणस आणला तेव्हा मी अॅप उघडायच्या आत तिने वही ओढून घेतली आणि लिहिलं, फेनेसी.