ब्लेझर ठीकठाक, फोटो एक नंबर

एका फॅशन ब्लॉगरच्या लिंकवरून बेज कलरचा ब्लेझर मागवला होता, आता महिनाभर घालून झाला म्हणून लिहितेय. पाचपैकी तीन स्टार, त्यातला एक नुसता खिशाला, कारण लेडीज ब्लेझरला अख्खा मोबाईल मावेल असा खरा खिसा मिळणं म्हणजे नशीबच.

वेबसाईटवर 'लिनन ब्लेंड' लिहिलंय, आतलं लेबल बघितलं तर लिनन 15 टक्के, बाकी सगळं पॉलिएस्टर. चुरगळत नाही हे खरंय, पण घाम आला की अंगाला चिकटतो. खांद्यात बरोबर बसतो आणि कमरेत पोतं! तिच्या फोटोत तर काय मस्त फिटिंग होतं. मग तिचाच व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला, ती वळते तिथे क्षणभर पाठीवर दोन चिमटे दिसतात, कापड मागे ओढून धरलेलं. शूटला सगळेच लावतात म्हणे, पण पार्सलमध्ये चिमटे नव्हते आले ना.

बाहीच्या अस्तराची शिवण दुसऱ्याच धुण्यात उसवली, तोवर रिटर्नची मुदत गेलेली.

लिंक अ‍ॅफिलिएट होती, म्हणजे आपण घेतलं की तिला कमिशन, आणि बऱ्याचदा त्या लिंकवरून जाऊन आपण भलतंच काही घेतलं तरी कुकीमुळे, म्हणजे आपण कुठून आलो याची ब्राउझरमध्ये राहिलेली नोंद, कमिशन तिलाच. असू दे, तिचं पोट आहे त्यावर. 2009 मध्ये मिलानला डॉल्चे अँड गबाना या बड्या फॅशन ब्रँडने आपल्या शोला ब्लॉगर लोकांना लॅपटॉपसकट पहिल्या रांगेत बसवलं तेव्हाच कळायला हवं होतं की हा आता छंद राहिला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत एफटीसीने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक होऊ नये हे बघणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलं की पैसे किंवा फुकट माल घेतला असेल तर वाचणाऱ्याला तसं कळू द्या. हिनेही सांगितलंय हां, फक्त वीस हॅशटॅगांच्या खाली.

पण सगळं तिच्यावर कसं ढकलू, आधी तिने हाच ब्लेझर काळ्यात घातला होता, तेव्हा 'बेजमध्ये आहे का गं' म्हणून आम्हीच मागे लागलो होतो, मीसुद्धा, आणि दोन आठवड्यांत बेजची पोस्ट हजर. माझ्याकडे काळा होताच की!

परवा घालून स्टेटसला फोटो टाकला, मागून सेफ्टी पिना लावून. तिघींनी लिंक मागितली. दिली.