गूगल स्कॉलर प्रोफाइल: शोधायला झकास, मोजायला जरा जपून

एखाद्या शास्त्रज्ञाने काय काय काम केलंय आणि ते पुढे कोणी वापरलं हे बघायचं म्हटलं की आपण सगळे आधी गूगल स्कॉलर, म्हणजे गूगलचं शोधनिबंधांचं सर्च इंजिनच उघडतो, मीही तेच करते, आणि मॉलिक्युलर जेनेटिक्सवाल्यांच्या (जीन्सचा रेणूंच्या पातळीवर अभ्यास करणाऱ्यांच्या) प्रोफाइली, म्हणजे तिथली त्यांच्या पेपरच्या यादीची पानं, चाळणं हा तर माझा जवळपास रोजचाच उद्योग आहे, म्हणून म्हटलं यावर एकदा नीट लिहूनच टाकावं.

पहिला मोठा प्लस म्हणजे फुकट आहे. वेब ऑफ सायन्स किंवा स्कोपस हे असेच दुसरे डेटाबेस पूर्ण वापरायचे तर संस्थेची वर्गणी लागते, इथे नाव टाका आणि बघा. सर्च 2004 पासून आहे, प्रोफाइल 2011 मध्ये आल्या. जाळंही मोठं टाकतं, म्हणजे थीसिस, पुस्तकातली प्रकरणं, बायोआर्काइव्ह या साइटवरचे प्रीप्रिंट (अजून तपासणी न झालेले पेपर), सगळं गोळा करतं. त्यामुळे एकाच माणसाच्या सायटेशनचा, म्हणजे त्याचे पेपर पुढच्या पेपरमध्ये किती वेळा संदर्भ म्हणून आले त्याचा, आकडा इथे बहुतेक वेळा स्कोपसपेक्षा जास्त दिसतो, त्यात घोटाळा वगैरे काही नाही, मोजायची पद्धतच वेगळी आहे. पण एकाचा आकडा इथला आणि दुसऱ्याचा तिथला घेऊन तुलना करणारे महाभाग भेटतात, त्यांना हात जोडून नमस्कार.

प्रोफाइल उघडली की बाजूला छोटा तक्ता दिसतो: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, आय10-इंडेक्स (निदान दहा सायटेशन असलेले पेपर किती), आणि शेजारच्या रकान्यात हेच आकडे फक्त गेल्या पाच वर्षांतले. एच-इंडेक्स ही हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये काढलेली युक्ती, 30 असेल तर त्या माणसाच्या 30 पेपरना प्रत्येकी निदान 30 सायटेशन आहेत एवढाच अर्थ. आता या तीस पेपरमध्ये याने हातात पिपेट धरून प्रयोग केले म्हणून नाव पहिलं आलं की लॅबचा प्रमुख म्हणून नाव शेवटी आलं की शेकडो लेखकांच्या जीनोम कन्सॉर्शियममध्ये (अनेक लॅबच्या एकत्र प्रकल्पात) नाव मधेच कुठेतरी आहे, हे तक्ता अजिबात सांगत नाही. बायोलॉजीत पहिलं आणि शेवटचं नाव म्हणजेच खरी गोष्ट, आणि इथे नेमकं पेपरच्या शीर्षकाखालची नावांची ओळ मोठी असली की तीन टिंबं देऊन कापलेली असते, मग प्रत्येक पेपरवर क्लिक करत बसा. एवढी मोठी कंपनी, लेखकाचा क्रम दाखवायला काय जातं हो?

दुसरी गंमत या विषयाचीच आहे. इथे पद्धतीचे पेपर शोधाच्या पेपरना खाऊन टाकतात. प्रोटीन मोजायच्या पद्धतीवरचा लाऊरींचा 1951 चा पेपर तीन लाखांच्या पुढे गेलाय, क्यूपीसीआरच्या (डीएनएच्या प्रती करत करत त्याचं प्रमाण मोजायच्या तंत्राच्या) हिशोबाचा लिव्हाक आणि श्मिटगेन यांचा 2001 चा पेपर लाखाच्या वर आहे, आणि डीएनएची रचना सांगणारा वॉटसन-क्रिकचा 1953 चा पेपर या दोघांच्या कितीतरी मागे. उपयोगी पद्धत दिली तर लोक सायटेशन देणारच, ते योग्यच आहे, पण प्रोफाइलमधला सगळा आकडा एकाच प्रोटोकॉलवर उभा असेल तर ते यादी बघून ओळखता आलं पाहिजे. उलट बार्बरा मॅक्लिंटॉकने मक्यातल्या उड्या मारणाऱ्या, म्हणजे जागा बदलणाऱ्या जीन्सवर 1950 मध्ये पेपर लिहिला, बराच काळ फार कोणी मनावर घेतलं नाही, आणि नोबेल मिळालं 1983 मध्ये. ‘गेल्या पाच वर्षांतले’ हा रकाना तेव्हा असता तर बाईंचं काही खरं नव्हतं.

सर्वात कच्चा भाग म्हणजे राखण. आपणच आपल्याला दिलेली सायटेशन वगळायची सोय इथे नाही, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समध्ये आहे. 2010 मध्ये सिरिल लाब्बे या फ्रेंच संशोधकाने कॉम्प्युटरने बनवलेले शंभरेक निरर्थक पेपर एकमेकांना सायटेशन देत नेटवर टाकले आणि आईक अँटकारे नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या माणसाला 94 एच-इंडेक्स मिळवून दिला! नावसाधर्म्याचाही त्रास आहेच, पेपर आपोआप जोडले जाण्याचं सेटिंग चालू राहिलं तर भलत्याच विषयातले भलत्याच माणसाचे पेपर येऊन बसतात आणि मालकाने काढेपर्यंत तिथेच राहतात. आकड्याशेजारी चांदणी दिसली तर तिकडेही बघा, वेगवेगळ्या नोंदी एकत्र केल्याची ती खूण असते. आणि एखादा पेपर मागे घेतला गेला तरी त्याची सायटेशन एकूणातून वजा होत नाहीत, हे तर मला अजिबातच पटत नाही.

मग मी वापरते कशाला? तर एका सोयीसाठी, आणि ती फार कमी लोकांना माहिती असते. कुठल्याही पेपरच्या सायटेशनच्या आकड्यावर क्लिक करा, सायटेशन देणाऱ्या पेपरची यादी येते, वर एक छोटी चौकट असते, त्यात टिक केलं की फक्त त्याच यादीत सर्च करता येतं. समजा एखाद्याने अमुक जीन अमुक आजाराशी जोडलाय, तर तिथे त्या जीनचं नाव आणि नॉकआउट (म्हणजे तो जीन बंद पाडून बघणं) हा शब्द इंग्रजीत टाका, आणि पुढच्या लोकांनी ते प्रयोग करून बघितलं का, का नुसतं प्रस्तावनेत ‘याआधी असं आढळलंय’ म्हणून एका ओळीत उल्लेख करून सोडून दिलं, ते तासाभरात कळतं. हे काम एच-इंडेक्स जन्मात करणार नाही. निवड समितीवर असाल तर तेवढा वेळ काढाच.

पाचपैकी साडेतीन स्टार देईन, शोधायला साडेचार आणि मोजायला दोन असा हिशोब आहे. फॉलोचं बटण मस्त आहे, नवीन पेपर आला की मेल येतो, पण ‘नवीन सायटेशन’वाली टिक मात्र करू नका, मोठ्या लॅबवाला असेल तर इनबॉक्समध्ये दुसरं काही दिसायचं नाही.