बाह्यपेशीय पुटिका: ढवळते पेशीगोलक की पोकळ तंतू?

ऊतींच्या पुनर्निर्मितीसाठी मूलपेशींच्या बाह्यपेशीय पुटिका, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या पटलवेष्टित सूक्ष्म पिशव्या, मोठ्या प्रमाणावर हव्या असतील, तर सपाट बशी अपुरी पडते आणि त्रिमितीय संवर्धनाकडे वळावे लागते. ढवळत्या पात्रातले पेशीगोलक, म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या पेशींचे गोळे, बनवणे आणि नमुना काढून तपासणे सोपे असते, शिवाय ढवळण्याचा ताण पुटिकांचे स्रवण वाढवू शकतो. अडचण गाभ्याची आहे. ऑक्सिजनचे विसरण साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरपर्यंतच पुरत असल्याने मोठ्या गोलकांच्या आतील पेशी मरू लागतात, त्यांचे अवशेष पुटिकांत मिसळतात आणि मग कणांची नुसती संख्या फसवी ठरते. सौम्य ऑक्सिजन-कमतरता मात्र रक्तवाहिन्या वाढवणारे घटक वाढवू शकते, हेही खरे.

पोकळ तंतूंच्या बायोरिअ‍ॅक्टरमध्ये (पेशी वाढवण्याच्या बंदिस्त पात्रात) पोषक माध्यम तंतूंच्या आतून वाहते आणि पेशी बाहेरच्या कप्प्यात वाढतात. तंतूंची भिंत असलेल्या पटलाची छिद्रे पुरेशी बारीक असल्यास पुटिका तिथेच साठतात, त्यामुळे थोड्या द्रवात दाट उत्पादन अनेक आठवडे मिळू शकते. पेशी थेट पाहता येत नाहीत, ही उणीव लहान नाही. तरीही शुद्धीकरणाचा भार हलका होत असल्याने उत्पादनासाठी मी तंतू निवडेन. संवर्धनाच्या अटी ठरवण्यासाठी गोलकच सोयीचे.