लोन ॲपला दिलेला सेल्फी

'विनातारण कर्ज, 5 मिनिटांत खात्यात' अशी जाहिरात करणारी बोगस ॲप्स तारण घेतातच. तुमचा चेहरा आणि तुमच्या फोनमधली माणसं. सोनाराकडे गहाण टाकलेलं मंगळसूत्र पैसे फेडल्यावर सुटतं तरी. हे तारण सुटत नाही.

आधी हिशेब बघा. स्क्रीनवर 5,000 रुपये मंजूर दिसतात. 'प्रोसेसिंग फी', 'सर्व्हिस चार्ज' कापून हातात पडतात 3,000. मुदत 7 दिवस, फेडायचे मात्र पूर्ण 5,000. म्हणजे आठवड्याला जवळपास 67 टक्के. गावचा सावकारही एवढं मागायला धजायचा नाही.

ॲप उघडताच ते परवानग्या मागतं: संपर्क, फोटो, एसएमएस, लोकेशन. एक नाकारली तरी अर्ज पुढे सरकत नाही. 'अनुमती द्या' दाबलं की संपर्कयादी त्यांच्या सर्व्हरवर जायला फार वेळ लागत नाही. नंतर ॲप काढून टाका, फोन रीसेट करा, गेलेली यादी परत येत नाही. मग पॅन आणि आधारचे फोटो, आणि शेवटी सेल्फी. चष्मा काढा, चेहरा गोलात आणा, उजेड समोरून घ्या. बँकेच्या केवायसीलाही असाच फोटो लागतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण नग्न फोटोवर चेहरा चिकटवणाऱ्यालाही नेमकं हेच हवं असतं: सरळ नजर, सावली नाही, चेहऱ्याच्या कडा स्वच्छ. गॅलरीची परवानगी दिली असेल तर बायको-मुलीचे फोटोही आयते हातात.

सातव्या दिवसाची वाट ते बघतातच असं नाही. आदल्या दिवशी सकाळपासूनच व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरांवरून, कित्येकदा परदेशी कोडच्या, मेसेज सुरू होतात. वसुलीवाला यादीतून नावं निवडतो, आणि ती निवडायला आपणच मदत केलेली असते. आपण नंबर 'आई', 'मामा पुणे', 'एचआर मॅडम', 'सोसायटी सेक्रेटरी' असे सेव्ह केलेले असतात. कुणाला पाठवलं तर माणूस जास्त हादरेल, हे त्याला वेगळं शोधावं लागत नाही. आधी मॉर्फ केलेला फोटो फक्त तुम्हाला येतो, सोबत अशा निवडलेल्या नावांचा स्क्रीनशॉट आणि 'अर्ध्या तासात भरा'.

इथेच बहुतेकजण पैसे भरतात आणि इथेच अडकतात. भरलेली रक्कम 'मुदतवाढीची फी' ठरते, मुद्दल तसंच उभं राहतं. किंवा कर्ज फेडायला दुसऱ्या ॲपची लिंक पाठवतात. तेही त्याच टोळीचं. पैसे कुठल्या तरी व्यक्तीच्या यूपीआय आयडीवर मागितले जातात, दर वेळी नवा. परवानाधारक कर्जदाता असं करत नाही.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्येच सांगितलं आहे: कर्जाच्या ॲपने फाइल, संपर्कयादी, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही, कॅमेरा, माइक, लोकेशन फक्त केवायसीपुरतं, एकदाच, तुमच्या संमतीने. गूगल प्लेनेही 31 मे 2023 पासून पर्सनल लोन ॲप्सना फोटो आणि संपर्क वाचायला मनाई केली. म्हणून आता टेलिग्राम किंवा एसएमएसमधून एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून थेट फोनवर चढणारं ॲप, येते. कर्जाचं ॲप संपर्क मागत असेल, तर ते तिथेच बंद करा. व्याजदर वाचायचेही कष्ट घेऊ नका.

फोटो आलाच तर क्रम महत्त्वाचा आहे. ॲप लगेच काढू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या: नंबर, वेळ, ॲपचं नाव, यूपीआय आयडी, आणि पैसे भरले असतील तर 12 अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक. व्हॉट्सॲप चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा. मग सेटिंग्जमधून ॲपच्या परवानग्या बंद करा आणि त्यानंतर ॲप उडवा. नंबर ब्लॉक पुरावा घेतल्यावरच.

लगेच सगळ्या ओळखीच्यांना स्वतःच मेसेज करा. लाज वाटते, पण वसुलीवाल्याच्या आधी तुमचा मेसेज पोचला की त्याचं अर्धं हत्यार बोथट होतं. लांबलचक खुलासा नको. 'माझा फोन डेटा चोरीला गेला आहे. माझ्या नावाने घाणेरडा फोटो किंवा पैशाची मागणी आली तर उघडू नका, पुढे पाठवू नका, नंबरसकट स्क्रीनशॉट मला द्या. पोलिसांत तक्रार देत आहे.' एवढं पुरे. घरातल्या मोठ्यांना मात्र फोन करून सांगा, मेसेजवर सोडू नका.

1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पोलीस ठाण्यात 'कर्जाचा वाद आहे, आपसात मिटवा' असं ऐकायला मिळालं तर विषय कर्जाचा नाही, खंडणीचा आहे हे लेखी अर्जात स्पष्ट मांडा: भारतीय न्याय संहितेचं कलम 308, धमकीसाठी 351, अश्लील मजकूर पसरवल्याबद्दल आयटी कायद्याचं 67. फोटो फेसबुक-इन्स्टाग्रामवर चढण्याची भीती असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' या मोफत सेवेत त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे फोटो ओळखणारा सांकेतिक कोड, नोंदवता येतो. फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही, फक्त ठसा जातो. व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डला मात्र हा ठसा रोखू शकत नाही.

आणि न मागता खात्यात 2-3 हजार जमा झाले, तर खर्च करू नका आणि मेसेजमध्ये दिलेल्या यूपीआयवर परतही पाठवू नका. बँकेच्या शाखेत लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या.