चाळीस लिटरची सॅक, आठ महिने आणि कमरेचं एक बकल

माघात शेगावच्या पायी वारीत अकोटच्या मुक्कामी रात्री हॉलमध्ये दाटीवाटीनं झोपलो होतो. अंधारात कुणाचा तरी पाय सॅकवर पडला. सकाळी कमरपट्टा लावायला गेले तर बकलचा एक दाता मोडलेला. दुसऱ्या दात्यावर पट्टा चार पावलं टिकायचा आणि सुटायचा. शेगाव अजून दीड दिवस दूर होतं. शेवटी परकराचा नाडा काढून पट्ट्याच्या दोन्ही टोकांना गाठ मारली, आणि गाठ पोटात रुतू नये म्हणून खाली दुपट्ट्याची घडी ठेवली.

सॅक दिवाळीत १,८५० रुपयांना घेतली. कापड चांगलं आहे, चेन आजही सुरळीत चालते, खांद्याचे पट्टे उसवले नाहीत. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण माझा सगळा राग त्या बकलवर आहे. बकल पट्ट्यात ओवलेलं नाही, दोन्ही बाजूंनी शिवून टाकलंय. म्हणजे दहा-वीस रुपयांचा तुकडा बदलायचा तर पट्टा उसवावा लागतो. मी कंपनीला फोटो पाठवले, तीनदा फोन केला. उत्तर एकच: पट्टे आणि बकल वॉरंटीत येत नाहीत, पूर्ण सॅक स्वखर्चानं पाठवा, मग बघू. मला फक्त एक बकल हवं होतं. ते पाकिटातून पाठवता आलं असतं.

त्या रागात मी एक काम मात्र केलं. किराणा दुकानातल्या काट्यावर सॅकमधली एकेक वस्तू ठेवली. माघातल्या वारीला पाण्याशिवाय ७.४ किलो नेले होते. सुती लुगडं ६२० ग्रॅम, सिंथेटिक साडी ३८०. स्टीलचा डबा, तांब्या, सतरंजी, जाड चादर, दोन जादा परकर, अर्धा किलो चिवडा. यातलं निम्मं मी उघडलंही नव्हतं.

आमच्या घरी कापूस पिकतो, त्यामुळे सुतीच घालायचं ही सवय अंगात आहे. पण घामात भिजलेलं सुती कापड रात्रभरात वाळत नाही, हे वारीत पहिल्याच दिवशी कळतं. सुती धागा हवेतली ओल आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. आता चालायला एक सिंथेटिक ड्रेस, धुऊन वाळत घालायला दुसरा, आणि रात्री झोपायला मात्र सुतीच. पायमोजेही नायलॉनमिश्रित, कारण ओल्या सुती मोज्यांनी टाचेला फोड आले होते. चादरीऐवजी शाल. मग वजन आलं ४.२ किलो.

खारपाणपट्ट्यातून जाणार असाल तर या ४.२ मध्ये पाणी धरू नका. दर्यापूर-अकोटकडे हापशी दिसली म्हणून तहान भागेल असं नाही, पाणी खारं लागतं. दोन लिटर सोबत धरलं की दोन किलो वाढले.

मार्च-एप्रिलमध्ये ही हलकी सॅक घेऊन मी रोज पहाटे शेतापर्यंत चालून पाहिलं आणि ठरवलं की एवढ्या वजनाला कमरपट्टा लागतच नाही. तसं मैत्रिणींनाही सांगितलं. ज्येष्ठात शेगावच्या पालखीसोबत अकोल्याहून पातूरपर्यंत निघालो तेव्हाही पहिला दिवस मजेत गेला. वाटेत गावोगावी लोक पाणी, चहा, नाश्ता घेऊन उभे असतात, बाटली अर्धी भरलेली पुरे.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. कपडे खताच्या पोत्यातल्या आतल्या प्लास्टिकच्या पिशवीत होते, धुऊन घेतलेल्या. त्यामुळे आतलं एक फडकंही भिजलं नाही. वेगळं रेनकव्हर घेऊन पैसे घालवू नका. पण सासूबाईंचे गुडघे बसले. त्यांची पिशवी, ओलं लुगडं, औषधांचा डबा, सगळं माझ्या सॅकमध्ये आलं. आठ किलोच्या वर गेलं असेल. तासाभरात खांदे असे भरून आले की मान वळेना. सासूबाई म्हणाल्या, "मले दे वापस, मी नेतो हळूहळू." मी दिलं नाही. पुन्हा नाडा बांधला, आणि वजन कमरेवर बसताच खांदे मोकळे झाले. तेव्हा मैत्रिणींना सांगितलेलं मी मागे घेते: कमरपट्टा लागतो. स्वतःच्या सामानाला लागला नाही तरी लागतो.

घरी आल्यावर चांभाराकडे गेले. त्यानं पट्टा उलटसुलट करून पाहिला. "ताई, हे असं निंगत नाही, उसवाच लागते." ब्लेडनं जुनी शिवण कापली, एका जुन्या दप्तराचं जाड बकल काढलं आणि टोक न शिवता पट्टा नुसता ओवून मागे दुमडला. साठ रुपये घेतले. दुमडीतून पट्टा सरकतो का ते पाहायला मी आठ किलो तांदूळ भरून गावाला दोन चकरा मारल्या. सरकला नाही.

त्याच मापाचं आणखी एक बकल त्याच्याकडून मागून घेतलंय. ते सॅकच्या वरच्या कप्प्यात, नाड्याच्या गुंडाळीत ठेवलंय.